भोपळा खरवडणारा चमचा

मी एक जुना पोलादी चमचा आहे. माझी एक कड झिजलेली दिसते. पण ती झिजलेली नाही, मुद्दाम घासलेली आहे. अमेरिकेत ओहायोतल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या ओटिस नावाच्या माणसाने मला दगडावर घासून धार लावली. हॅलोविनच्या सणाला भोपळा कोरून त्यात दिवा लावतात; तो आतून साफ करताना त्याच्या बायकोला साधा चमचा पुरत नसे. मला तिच्या हातात देताना तो म्हणाला, "घे, आता कुरकुर नको." त्या घरात यापेक्षा गोड कुणी बोलत नसे.

मित्रांनो, माझे काम वर्षातून एकदाच निघे. भोपळ्याचे देठाकडचे झाकण कापले की मी आत उतरत असे आणि धाग्याधाग्यांचा ओला गर खरवडून काढत असे. त्यातल्या बुळबुळीत बिया वेचायच्या, धुवायच्या, फडक्यावर कोरड्या करायच्या आणि लोणी-मीठ चोळून ओव्हनमध्ये भाजायच्या. पुढे मी ओटिसच्या लेकीकडे, डार्लीनकडे आलो. तिचा नवरा व्हर्जिल भोपळ्याचे डोळे आणि दात कोरायचा, बिया डार्लीन भाजायची, आणि मी असायचो त्यांच्या छोट्या नोरीनच्या हातात. असा चमचा दुकानात शोधून मिळायचा नाही, असे व्हर्जिल दर वर्षी म्हणायचा. मला ते ऐकायला आवडायचे.

मग डार्लीन घर सोडून गेली. शेजारच्या गावातल्या क्लिंट नावाच्या माणसाकडे. घर सांभाळायला व्हर्जिलची बहीण रूथअ‍ॅन आली. त्या वर्षी डार्लीनने फोनवर लेकीला सांगितले, की हॅलोविनला दुपारीच येते, मी येईपर्यंत भोपळ्याला सुरी लावू नकोस.

नोरीनने टेबलावर वर्तमानपत्र पसरले. भोपळा, सुरी आणि मला मांडून ती बसून राहिली. दुपार टळली. सोंगे घेतलेली मुले रस्त्यावर दिसू लागली, तशी रूथअ‍ॅन म्हणाली, "नोरीन, काप आता. ती नाही यायची."

"येईल गं आत्या. उशीर होतो तिला."

पण शेवटी तिने सुरी उचलली. तोंड वाकडे कोरले गेले. काही बिया करपल्या. करपलेल्या तिने स्वतः खाल्ल्या आणि चांगल्या एका वाटीत आईसाठी काढून ठेवल्या.

भोपळ्यात मेणबत्ती लावून झाली, तेव्हा डार्लीन आली. बाहेर गाडी चालूच होती आणि मागच्या सीटवर समुद्री चाच्याचे सोंग घेतलेला क्लिंटचा मुलगा बसला होता. तिने कोटही काढला नाही. भोपळा छान झालाय म्हणाली, एक बी तोंडात टाकली, मीठ जरा जास्त झालंय म्हणाली. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले.

"अगं, हा इथेच राहिला होता होय? माझ्या आईचा आहे. आमचा भोपळा कोरायचाय अजून."

रूथअ‍ॅन झटकन वळली. तिने काही बोलायच्या आत नोरीनने मला धुतले, पुसले आणि पुढे केले.

"ने ना आई. आमच्याकडे दुसरा आहे."

दुसरा नव्हता. रूथअ‍ॅनला ते ठाऊक होते. डार्लीनलाही ठाऊक होते. त्या स्वयंपाकघरातला प्रत्येक खण तिनेच लावला होता. तिने मला कोटाच्या खिशात टाकले. बियांची वाटी टेबलावर तशीच राहिली.

नव्या घरात त्या मुलाला गराची किळस आली. डार्लीनने घाईघाईत भोपळा खरवडला आणि गरासकट बिया कचऱ्यात टाकल्या. पुढच्या वर्षी बॅटरीवर पेटणारा प्लॅस्टिकचा भोपळा आला. मला वापरून रंगाचे डबे उघडले जाऊ लागले. आता मी गॅरेजमध्ये रंग वाळलेल्या एका डब्यात रुतून उभा आहे. एकदा डार्लीन तिथूनच नोरीनशी फोनवर बोलत होती. हसत विचारत होती, अजून बिया भाजतेस की नाही? फोन ठेवल्यावर क्लिंटला म्हणाली, "आता आवडत नाहीत म्हणे तिला." आणि गाडीची किल्ली शोधू लागली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. पोलाद पुष्कळ सोसते. पण एखादे लहान मूल तुम्हाला म्हणाले, की घेऊन जा, आमच्याकडे दुसरे आहे, तर लगेच हात पुढे करू नका.