गाडीचा स्वभाव

"गाडीला स्वभाव हवा," असं आमचे हे लग्न झाल्यापासून म्हणत आलेत. "नुसती चालणारी गाडी काय, कुणीही चालवतं." ह्यांची ती काळी मोटारसायकल लग्नाआधीची, जड, धडधडणारी. तिला स्वभाव होता म्हणे. ती रुसायची, तेल गाळायची, थंडीत किक मारून मारून पाय सुजवायची, आणि हे तिच्यापुढे उकिडवे बसून तिची समजूत काढायचे. माझी कधी कुणी काढली नाही.

रात्री झोपण्याआधी तिच्या टाकीखालचा, इंजिनाकडे पेट्रोल सोडणारा कॉक बंद करायचा, हे काम माझं. डाव्या बाजूला, बोटभर लांबीचा. विसरलं तर सकाळी अंगणात पेट्रोलचा वास. मी विसरले नाही. इतकी वर्षं सवय झाली की अंधारातसुद्धा हात नेमका तिथे जायचा.

झाशीतली आमची घरं जुनी. पूर्वज कोकणातून इथे कारभार बघायला आले ते इथलेच झाले. आता पोरं हिंदीत बोलतात आणि म्हातारे मराठीत भांडतात. पण कुलदेवी अजून तिकडेच, राजापूरजवळ. नव्या सुनेनं नवऱ्याबरोबर जाऊन तिची ओटी भरायची, ही घरची रीत. आमच्या मांडवात ह्यांनी साऱ्यांसमोर सांगून टाकलं, "मी हिला मोटारसायकलवर नेणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजले बिजले, मूर्खासारखी.

त्याच हिवाळ्यात निघालो. बबीना मागे पडलं, तालबेहट यायचं होतं, आणि गाडीनं आचके दिले नि थांबली. ह्यांनी प्लग काढला, फुंकला, पुसला, हात काळे केले. दुपार कलायला आली तेव्हा कुठे सुरू झाली. "आता पुढची हिंमत नको," म्हणाले. "रुसलीय." परतलो. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"रोज ऑफिसला जातो तेव्हा बरी चालते. ही मागे बसली आणि बंद पडली. पांढऱ्या पायाची आहे."

हे नळावर हात धूत होते. ऐकलं त्यांनी. साबण लावत राहिले.

आदित्य झाल्यावर पुन्हा निघालो, त्याला सासूबाईंकडे ठेवून. तोच रस्ता, तेच आचके. तिसऱ्यांदा निघालो ते सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा. त्यांनी स्वतःच सांगितलं, "एकदाची ओटी भरून या, म्हणजे मी सुटेन." तालबेहटच्या अलीकडेच गाडी थांबली. सासूबाई गेल्या त्या माझ्याकडे पाठ करून.

लोक म्हणतील, बाई गं, झाशीत राहतेस, दक्षिणेच्या गाड्या दारावरून जातात, रेल्वेनं नाही का जायचं? मी ते नाव काढलं की ह्यांचा चेहरा उतरायचा. "मांडवात शब्द दिलाय, शशी." मला वाटायचं, केवढा शब्दाचा पक्का माणूस. आणि एक गोष्ट तेव्हाही डोळ्यांसमोर होती: जाताना बंद पडणारी गाडी परत येताना एकदाही बंद पडली नाही. मी म्हणायचे, देवीलाच मी नको असेन.

माणूस एखादी गोष्ट रोज ऐकतो, तेव्हा ती खरी व्हायला फार वेळ लागत नाही. नणंदेनं, रजनीनं, नवी स्कूटर घेतली तेव्हा हसत हसत म्हणाली, "वहिनी, तुम्ही पहिल्यांदा नका हं बसू." मीही हसले. पण मग आदित्यची पहिली सायकल आली, तर मी आपणहून ओसरीत उभी राहिले, हात नाही लावला. पोरगं म्हणालं, "मम्मी, आओ ना." मी म्हटलं, हाताला पीठ लागलंय.

ह्या वर्षी हे निवृत्त झाले. निरोपाच्या हारासकट घरी आले आणि सोबतच्या लोकांसमोर पुन्हा तेच, आता शशिकलाला घेऊन कोकणात जाणार, मोटारसायकलवर. आदित्य नोएडाहून आला होता. तो म्हणाला, "पापा, फिर भरोसे की गाड़ी लो. ये वाली तो बबीना पार नहीं करती." हे उखडले. म्हणाले, जुनीच उघडून नव्यानं बांधून घेऊ, नवीन गाड्यांना जीव नसतो, नुसतं शिवणाचं मशीन. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. ह्यांच्या गाडीबद्दल मी आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"शिवणाचं मशीनच घ्या," मी म्हटलं. "माझं मशीन लग्नात आलंय. त्याचे नखरे मला कधी कुणाला सांगावे लागले नाहीत."

लोक हसले. हे नाही हसले. एवढं काय लागलं ते मला कळेना. आदित्यनं दुसऱ्याच दिवशी गाडी ठरवली, नवी, करड्या रंगाची, बटण दाबलं की सुरू. जुनी एका शौकिनानं नेली. हे दोन दिवस जेवले नाहीत धड. नवी गाडी दारात आली त्या रात्री सवयीनं माझा हात तिच्या टाकीखाली गेला. गुळगुळीत पत्रा. आदित्यला विचारलं, तर म्हणाला, "इसमें कॉक होता ही नहीं, मम्मी. सब अपने आप."

ओटीचं सामान मी पिशवीत घातलं: खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. पहाटे निघालो. पाय ठेवण्याआधी मी गाडीला नमस्कार केला. म्हटलं, बाई, माझी लाज राख.

आणि काय चालत होती गाडी. कुरकूर नाही, धक्का नाही. छावणी गेली, बबीना गेलं. गव्हाची शेतं हिरवीगार होती. मी ह्यांच्या खांद्यावरून पुढे बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, आता थांबेल, आता थांबेल. पिशवी छातीशी आवळून धरली होती.

तेवढ्यात ह्यांचा डावा हात हँडल सोडून खाली आला. हे मी पूर्वीही बघितलं होतं, प्रत्येक वेळी. विचारलं की म्हणायचे, "थोपटतोय गं तिला." आज थोपटणं नव्हतं. बोटं टाकीखाली चाचपत होती. मागे गेली, पुढे गेली. त्या गुळगुळीत पत्र्यावर ती शोधत होती, अगदी तिथेच, जिथे माझा हात रोज रात्री जायचा.

मला वेगळं काही समजून घ्यावं लागलं नाही.

गाडी चालतच राहिली. तालबेहटला ह्यांनी ती एका ढाब्यापाशी घेतली, उतरले, आणि साखळी बघायला वाकले.

"सैल वाटतेय," म्हणाले.

"कॉक शोधत होतात तुम्ही."

वाकलेले तसेच राहिले.

"तिन्ही वेळा तुम्हीच बंद केलात."

मग उठले, रुमालानं घाम पुसला. एवढ्या थंडीत. "मला लांबचा रस्ता झेपत नाही, शशी. घर मागे पडलं की छातीत गोळा येतो. तेव्हाही यायचा. मांडवात बोलून बसलो होतो ना. लोक काय म्हणाले असते?"

"आणि मला काय म्हणाले?"

"आईचं काय, ती बोलायचीच." माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कुठे मनावर घेत होतीस."

माझ्या अंगाचा भडका उडाला. भीतीचा राग नाही आला मला, देवाशपथ. घाबरतो म्हणून सांगितलं असतं, तर ह्याच माणसाला हात धरून मी रेल्वेत बसवलं असतं, आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नसती. पण हा माणूस नळावर साबण लावत उभा राहिला. आई मेली तरी बोलला नाही. मी पोराच्या सायकलीला हात लावला नाही, ते ह्याला दिसत होतं, आणि हा गाडीच्या स्वभावाबद्दल बोलत राहिला.

"बस," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "आज नेतो. खरंच नेतो तुला. गाडी चांगली आहे."

"चांगली आहे," मी म्हटलं. "म्हणून एकटे जा घरी. मी पांढऱ्या पायाची. मी उतरले, आता ती बंद पडायची नाही."

ललितपूरची बस समोर उभी होती. तिथून भोपाळ, तिथून पुढे काय मिळेल ते. नवऱ्याशिवाय ओटी चालते की नाही, ते देवीलाच विचारीन. मी पिशवी घेऊन चालू लागले. मागून हाक आली, एकदाच.

बस जुनाट होती, पत्रे खडखडत होते. पायरीवर पाय ठेवून मी वर चढले. ड्रायव्हरनं चावी फिरवली. बस सुरू झाली. मी खिडकीशी बसले, पाय आसनाखाली ओढून घेतले, आणि सगळं कळल्यावरसुद्धा ललितपूर येईपर्यंत ती थांबायची वाट बघत राहिले.