साजूक बार

बदलापूरच्या कुळगावातल्या देवीची पालखी बार वाजल्याशिवाय उठत नाही, आणि तो बार वाजवायचा मान हेमंतच्या घराण्याचा. त्याच्या पणजोबांना कोणा साहेबाने एक सहाबारी, म्हणजे सहा बारांचं पिस्तूल, दिली होती. काडतुसं यायच्या आधीच्या काळातली. सहा घरांत दारू ठासायची, प्रत्येकाच्या मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. परवाना पिढीजात. पोलिसांची अट एकच, गोळी घालायची नाही, नुसता आवाज.

गेल्या चैत्रात नेमका आवाजच निघाला नाही. सहाच्या सहा बार फुसके. देवी उन्हात ताटकळली, भोई घामाने निथळले, आणि शेवटी कैलासने आपल्या डीजेवर तोफेचा आवाज लावला तेव्हा कुठे पालखी हलली. तेव्हापासून हेमंतला गावात कोणी हेमंत म्हणेना. "काय फुसकेशेठ, चहा घेणार?"

गावाने ठरवून टाकलं, यंदाही बार फुसका गेला तर मान कायमचा कैलासच्या डीजेला.

हेमंत अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर. त्यामुळे यंदा सगळं शास्त्रशुद्ध करायचं असं त्याने ठरवलं. म्हणजे हेल्मेट स्वतः घातलं आणि सहाबारी पदूच्या हातात दिली. पदू हा त्याचा चुलतभाऊ, कात्रपला वडापावची गाडी लावायचा. कंपनीतल्या पहिल्या पाळीआधी, चांगलं झुंजुमुंजू असताना, दोघे बारवी धरणाच्या बाजूच्या एका खडकाळ माळावर गेले.

वडिलांचं दारूचं माप म्हणजे कुंकवाच्या करंड्याचं पितळी झाकण. पण निघताना मीनाने, हेमंतच्या बायकोने, हळूच सांगितलं होतं, "अहो, देवीचं काम आहे. नुसतं माप कसं? सव्वा घ्या."

सव्वा माप घेतलं. घर काठोकाठ भरलं. पदूने घोडा ओढला आणि हातभर जाळ निघाला. आवाज दणदणीत आला, पण पदूच्या अर्ध्या मिशा गेल्या.

पलीकडच्या वाडीतली भिकी मोळीसाठी निघाली होती. ती थबकली. "कोन मेला रं?"

"कोणी नाही मावशी. चाचणी आहे."

"मंग मरंल कवा?" म्हणून ती पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी अर्धंच माप घेतलं. घर निम्मं रिकामं राहिलं आणि बार म्हाताऱ्याने खाकरावं तसा वाजला.

"दादा, मोकळ्या जागेत रवा भरायचा," पदू म्हणाला. "मोबाईलवर बघितलं. अमेरिकेतला एक बाबा सहाबारीत रवाच भरतो."

"अमेरिकेत रवा?"

"का? तिकडं काय उपमा करत नसतील? आणि वर मेण लावून तोंड बंद करायचं. नाहीतर एकाची ठिणगी सगळ्या घरांत."

"मेण?" हेमंत दचकला. "मेणात चरबी असते म्हणतात. देवीच्या बाराला चरबी? अरे, सत्तावनचं बंड कशावरून झालं?"

"काडतुसावरून. पण आपलं बंड कैलासशी आहे ना, दादा?"

प्रश्न घरी मीनाकडे आला. वडील गेल्यापासून घरातलं सोवळं-ओवळं तिच्या हाती होतं. तिची चतुर्थी, शुक्रवार, चैत्रातलं नक्त, सगळं बिनबोभाट चालायचं. तिने देव्हाऱ्यापुढची वात सारली आणि म्हणाली, "तूप लावा ना. गेल्या वर्षी लावलंच होतं की. घरचं साजूक, लोणी कढवलेलं. आणि रवा बारीक देऊ की जाडा?"

"बारीक द्या वहिनी," पदू म्हणाला. त्याला वाटलं, आता वेलचीही देतील.

पहाटेच्या गारव्यात अर्धं माप दारू, वर रवा, वर थिजलेलं साजूक तूप. बार असा वाजला की झाडावरचे पोपट उडाले. सलग तीन पहाटा तेच. "टेस्टिंग ओके," हेमंतने जाहीर केलं आणि हेल्मेट काढलं.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. चाचणी पहाटेची होती, आणि देवी काही पहाटे निघत नाही. सूर्य डोक्यावर आल्याशिवाय ती देवळाबाहेर पाऊल टाकत नाही, आणि चैत्रातलं बदलापूरचं ऊन म्हणजे डांबरालाही पाझर फोडणारं.

पालखीच्या दिवशी मीनाने तुपाची वाटी दिली. सहाबारी पदूने भरली. हेमंत फेटा बांधून तासभर उन्हात, सहाबारी छातीशी धरून, पुढाऱ्यांच्या भाषणात उभा राहिला. समोर कैलास, बोट बटणावर. "फुसकेशेठ, लावू का?"

हेमंतने हात वर केला, घोडा ओढला. टिक. फुस्स.

दुसरा. फुस्स. तिसऱ्याला नळीतून तुपाचा थेंब गळून त्याच्या नव्या कुडत्यावर पडला. चौथ्याला धुराबरोबर असा खमंग वास सुटला की म्हाताऱ्या जनाबाईंनी ओंजळच पुढे केली. "शिऱ्याचा वास येतोय गं! प्रसाद आधी वाटतायत की काय यंदा?"

पाचवा. फुस्स. गर्दी हसायला लागली. हेमंतच्या डोळ्यांपुढे वडिलांचा फोटो आला, आणि त्याच्या गळ्यात हाराऐवजी डीजेची वायर. त्याने डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि सहावा ओढला.

धडाम!

देवळाची घंटा आपोआप किणकिणली. भाजका रवा पालखीवर अक्षतांसारखा उडाला. कैलासचं बोट बटणावरून निसटलं. "उदे गं अंबे उदे!" भोयांनी पालखी खांद्यावर घेतली.

पदू हेमंतच्या कानाशी लागला. "दादा, तूप पाचच घरांना पुरलं. सहाव्याला लाइट गेल्यावरच्या मेणबत्तीचं मेण लावलं. तूप उन्हात वितळून दारूत उतरलं वाटतं..."

"गप," हेमंत म्हणाला. "वहिनीला सांगायचं नाही. देवीलाही नाही."

सांगायची गरजच पडली नाही. देवळाचे पुजारी धोंडिबा यांनी पायरीवर उभं राहून अर्थ लावला होता. पाच बार म्हणजे पंचप्राण, ते देवीच्या पायाशी मुकाट लीन झाले. सहावा खुद्द आईचा हुंकार. आता हीच रीत. पाच फुसके, सहावा खणखणीत. यात खंड पडला, तर अपशकुन आणि मान कैलासचा. कैलासने सर्वांत आधी हात जोडले. पाच बार ठरवून फुसके घालवणं या घराण्याला साधणार नाही, अशी त्याची खात्री होती.

त्या रात्री मीना समाधानाने एवढंच म्हणाली, "बघा. साजुकाची सर कशाला येत नाही."

पुढच्या चैत्रात हेमंत आणि पदू त्याच माळावर गेले, पण भर दुपारी. मीनाने खास कढवलेल्या तुपाची बरणी सोबत होती. पदूने पाच वेळा घोडा ओढला. भिकी मोळी डोक्यावर घेऊन परत येत होती. माणसं उभी, धूर दिसतोय, तरी गप्प, हे बघून ती थांबली.

"आज काय करता रं?"

"मावशी, आवाज आला का काही?" हेमंतने जीव मुठीत धरून विचारलं.

"नाय."

हेमंतने आकाशाकडे बघून हात जोडले. "जमलं."