अस्वलतळ्यावर रुमेना

त्या वर्षी अर्धा जानेवारी सरला तरी पिरिनच्या डोंगरावर बर्फाचा पत्ता नव्हता. वरच्या हॉटेलवाल्यांनी यंत्राने बर्फ करून स्कीच्या उतारावर एक पट्टा अंथरला होता. गावातून तो करपलेल्या पावावर टूथपेस्ट पिळल्यासारखा दिसायचा. शेवटी त्यांनी आमच्या पाद्री लाझारला गाठलं. त्याने उतारावर उभं राहून बर्फासाठी प्रार्थना म्हटली, सगळीकडे तीर्थ शिंपडलं, आणि त्याच दुपारी धो धो पाऊस आला. यंत्राचा बर्फही वाहून गेला. हॉटेलवाले भांडायला आले तर लाझार म्हणाला, "पाठवायचं काम माझं. गोठवायचं मी कधी कबूल केलं होतं?"

त्याच दिवसांत माझ्या शेजारच्या स्तामेनची कंबर धरली. तळघरातलं आंबवलेल्या कोबीचं पिंप एकट्याने हलवायला गेला आणि तिथेच काटकोनात अडकला. तेव्हापासून तो शेगडीशेजारच्या बाकावर आडवा, आणि बायको रुमेना त्याच्या तैनातीला.

स्तामेन दर हिवाळ्यात एकटाच अस्वलतळ्यावर जायचा. दोन दिवसांनी उतरायचा तो वाघ मारून आल्यासारखा. कमरेइतका बर्फ, पुढचा हात न दिसणारं वादळ, पायाखाली कडा, हे सगळं आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की मधेच तो अडला तर आम्हीच पुढचं सांगायचो. रुमेनाने लग्नानंतर एकदा "मीही येते" म्हटलं होतं. "बायकांचं काम नाही ते," म्हणून त्याने विषय मिटवला होता.

आता पडल्यापडल्या त्याला दुसरा उद्योग नव्हता. येईल त्याला धरून तळं सुरू. त्या सकाळी मी चीज भरून भाजलेली बानित्सा घेऊन गेले, तर माझीही सुटका झाली नाही.

"तो शेवटचा चढ ना," तो मला सांगत होता, "तिथे भलेभले रडतात. मनगटात जोर लागतो."

रुमेना त्याच्या कमरेला मलम चोळत होती. ती थांबली. हात फडक्याला पुसले.

"यंदा बर्फ नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग मी जाऊन येते."

"कुठे?"

"रडायला."

स्तामेन हसला आणि हसताना कमरेत कळ येऊन ओरडला. "अगं, साठी ओलांडलीस! गुडघे बघ तुझे!"

"गुडघे माझे आहेत. तुला बाकावरून दिसतात तेवढे बघ." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "बाई, संध्याकाळपर्यंत याच्याजवळ बसशील? लघवीची बाटली खाली आहे. फार बोलायला लागला तर तीच तोंडाला लाव."

आणि गेली. नेहमीचे जुने बूट, बागेतली काठी, पिशवीत पाव, चीज आणि राकिया दारूची छोटी बाटली.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. वाट कोरडी खडखडीत. झाडांवरच्या लाल खुणा आंधळ्यालाही दिसाव्यात एवढ्या. कडा कुठे येतो म्हणून ती जपून पाय टाकत होती, तर कड्याऐवजी डोंगरातली धर्मशाळा आली. दारात तिथला रखवालदार अपोस्तोल खेचराच्या शेपटीतले काटे काढत बसला होता.

"स्तामेनची बायको ना तुम्ही? या वहिनी, या! यंदा स्तामेनदादा नाही आले? मी त्यांची खाट लावून ठेवली होती."

"कसली खाट?"

"नेहमीची. शेगडीजवळची." अपोस्तोल मनापासून कौतुकाने बोलत होता. "फार साधा माणूस. दोन दिवस घेवड्याचं सूप प्यायचं, पत्ते खेळायचे, झोपायचं. इतका झोपणारा माणूस मी पाहिला नाही. म्हणतात, घरी झोपू देत नाहीत."

"आणि तळ्यावर कधी जातात?"

"तळ्यावर?" अपोस्तोल खेचराकडे बघू लागला, जणू आता त्यानेच उत्तर द्यावं. "वर फार गार असतं, वहिनी."

रुमेना पायरीवर बसली. आधी तिला वाटलं, असंच माघारी जावं आणि ज्या कमरेला मलम लावलं त्याच कमरेत लाथ घालावी. मग आठवलं, दर वेळी तो निघाला की ती देवघरातल्या संतापुढे मेणबत्ती लावायची. "एवढ्या वर्षांच्या मेणबत्त्या! सूप पिणाऱ्यासाठी!" हे मला सांगताना तिचा आवाज अजून चढत होता. संतालाही तिने तिथेच दोन शब्द सुनावले. त्याला तर वरून सगळं दिसत होतं.

अपोस्तोलने सूप आणलं. ते तिने संपवलं, कारण चांगलं होतं. मग काठी उचलली.

"वहिनी, खाली जायची वाट इकडे."

"माहीत आहे. आमच्या घरातल्या कुणीतरी ते तळं बघितलेलं बरं."

वरचा चढ खरोखर वाईट होता. मोठमोठे धोंडे, मधे खुरटी पाइनची झुडपं. ती चार पायांवर गेली, दोनदा घसरली, पँट मागून उसवली. बघायला कुणी नव्हतं म्हणून तिने ती तशीच राहू दिली.

तळं मात्र दिसेना. धोंड्यांच्या मधे एक काळा खड्डा, एवढंच. काठावर येऊन काठी टेकवली तेव्हा टक् असा आवाज आला. बर्फ पडलाच नव्हता, त्यामुळे पाणी उघडंच गोठलं होतं, काचेसारखं. खालचे दगड दिसत होते, गवत दिसत होतं, बुडबुडे एकावर एक रचून थिजले होते. ती आधी एक पाऊल गेली, मग दोन. मग पालथी झोपली आणि दोन्ही हातांनी डोळ्यांभोवती आडोसा करून खाली बघत राहिली. एक मासा आला. तिच्या नाकाखाली थांबला. त्यालाही बहुधा एवढं मोठं तोंड पहिल्यांदाच दिसत होतं.

त्याला बघत सरपटत ती कधी मध्यावर पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. आणि बर्फ ओरडला. माळ्यावरून कुणी कपाट ओढत न्यावं तसा आवाज एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेला, तिच्या पोटाखालून. बर्फ जाड असला की तो असा बोलतो, हे तिला ठाऊक नव्हतं. उठायला गेली तर बूट सटकले. पुन्हा गेली, पुन्हा आपटली. सगळ्या संतांची नावं घेतली, सगळ्यांना शिव्या दिल्या, परत माफी मागितली. मग तशीच बसल्या जागी बूट काढले, लोकरीचे मोजे काढले, अनवाणी पाय बुटात घातले आणि मोजे बुटांवरून चढवले. लोकर बर्फाला चिकटली. म्हातारीसारखी वाकून, एकेक पाऊल टाकत ती काठावर आली आणि सगळी राकिया एका दमात प्यायली.

ती परतली तेव्हा दिवे लागले होते. स्तामेन दिवसभर खिडकीकडे बघत होता. मला एक गोष्टही सांगितली नव्हती त्याने.

"पोचलीस?"

"पोचले." ती खुर्चीत बसली. "ती लोखंडी शिडी अजून आहे रे."

स्तामेन थबकला. "शिडी… हो. गंजली असेल."

"छे, पिवळा रंग दिलाय."

"यंदाच दिला असेल."

"आणि काठावरची ती नन, शेळीवाली. तुझी चौकशी करत होती."

"म्हातारी झाली असेल बिचारी," स्तामेन हळू म्हणाला.

त्याच्या इतक्या वर्षांच्या गोष्टींत शिडी आणि नन कधीच आली नव्हती; मी गाल आतून चावून धरले. रुमेना त्याच्याकडे बघत राहिली. तोही तिच्याकडे. मग त्याचा चेहरा उतरला.

"अपोस्तोल भेटला का?"

"भेटला. सूप छान करतो."

मी उठावं की बसावं, मला कळेना. तेवढ्यात स्तामेनने विचारलं, पहिल्यांदाच, अगदी साध्या आवाजात, "रुमेना, कसं आहे गं ते?"

ती चिडेल असं मला वाटलं होतं. पण तिने बूट काढले, पाय शेगडीकडे केले आणि सांगितलं. दगड, बुडबुडे, मासा, ओरडणारा बर्फ, सगळं. तो मधे एकदाही बोलला नाही.

"मी तर चड्डीतच मुतलो असतो," शेवटी तो म्हणाला.

"मग मी काय केलं असं वाटतं तुला?" रुमेना म्हणाली. "ऊठ तर खरा, पँट तूच धुवायची आहेस."