आईचा मोठा हात

"साहेब, येत्या रविवारचं पान तेवढं थांबवा," एमिल गयावया करत होता.

"वेड लागलंय का तुला? छापून तयार आहे ते!" संपादक खेकसला.

त्याचंही खोटं नव्हतं. रंगीत छपाईला वेळ लागे, म्हणून एमिल चित्रं दीड महिना आधीच देऊन मोकळा व्हायचा. त्याच्या चित्रकथेतला बुबी म्हणजे घरातलाच रुडी, त्याचा मुलगा. रुडीने खोडी काढावी, बापाला तिखटमीठ लावून सांगावी आणि बापाने ती कागदावर उतरवावी. शेवटच्या चौकटीत आईने बुबीला बडवायचं, हा ठरलेला शिरस्ता. त्यावर सगळं न्यूयॉर्क हसायचं.

या रविवारची, दीड महिन्यापूर्वीची खोडी रुडीची शेवटचीच. आईची कणीक मळायची फळी घेऊन पठ्ठ्या बर्फावरून घसरला तो थेट घोड्यांच्या हौदात. चिंब भिजून घरी आला. त्याच्या आईने, ओटिलीने, आधी धपाटे घातले, मग कपडे बदलले. एमिलने त्याच रात्री चित्रं काढली, सकाळी देऊन आला. दोन दिवसांनी पोराला ताप भरला, छाती भरली आणि पोर गेलं. तेव्हापासून ओटिलीचं एकच, "आधी कपडे बदलले असते तर!" डॉक्टरनेही समजावलं, पण ऐकतंय कोण! आता तेच धपाटे तिला रंगीत दिसणार होते.

रविवारी एमिलने दारातला अंक उचलून चुलीत घातला. पण जिन्यात शेजारची पोरं तेच पान पसरून खिदळत होती. दूध आणायला गेलेली ओटिली दुधासोबत ते पानही हातात घेऊन परत आली. 

"एवढा मोठा हात?" ती म्हणाली. "इतकी राक्षसीण होते का रे मी?"

"अगं, त्यानेच काढायला लावला. मांडीवर बसून हसत होता लबाड. 'पपा, आईचा हात अजून मोठा कर, अजून मोठा!'"

"हसत होता? माझ्यावर रागावला नव्हता?"

"रागावतोय कसला! पोट धरून हसत होता."

ओटिलीला हसू फुटलं, किती दिवसांनी! आणि हसता हसताच ती हमसून रडायला लागली. एमिलने तिला खुर्चीवर बसवलं, दूध चुलीवर ठेवलं. तिने पान टेबलावर पसरलं आणि त्या मोठ्या हातावर आपला हात ठेवला. चित्रातला हात झाकला गेला, खालचा बुबीही झाकला गेला.

दूध उतू गेलं तरी तिने हात उचलला नाही.