डावा कोपरा

गुणवंतरावची जुनी पिकअप डावीकडं ओढते, हे आमच्या टोळीतल्या साऱ्या बायांले माहीत होतं. रोवनीच्या दिवसात त्याच गाडीच्या डाल्यात दाटून आमी त्याच्या नहराकडच्या धानाच्या बांधीत जात होतो. टोळी माही, इंदूची. मी दहा डाव म्हनलं, "रावसाहेब, गाडी दाखवा." तं म्हने, "गाडी सरळच हाय, इंदुबाई. माल उजवीकडं टाकत जा." माल म्हनजे आमी. मेल्याले पोत्यात भरून टाकलं पाहिजे उजवीकडं!

गाडी चालवे लालसू, एटापल्लीकडचा. त्याची बायको बुधरी माह्याच टोळीत. दोघंबी गुणवंतरावच्या ढोरायच्या कोठ्यामांगच्या खोलीत राहत. त्या सकाळी लालसू अडूनच बसला. "मालक, आंधी गाडी दाखवा. मंग बाया चढवतो."

"नाचता येईना, आंगन वाकडं," गुणवंतराव हासला. पन रोवायचे पऱ्हे कालच उपटून ठेवले होते, वाद घालायले वेळ नव्हता. गाडी चौकातल्या मुखरू मिस्त्रीकडं नेली. आमीबी मांगं मांगं गेलो.

मुखरूनं जॅक लावून चाक उचललं, दोन्ही हातानं धरून हलवलं. खडखड वाजलं. तो खाली घुसला आन तिथूनच बोलला, "टाय रॉडचा बॉल झिजला जी. निसटला तं तुमी स्टेअरिंग फिरवत बसा, चाक आपल्या मनानं जाईन. सामान चांद्यावरून आनावं लागन."

"तार बांध," गुणवंतराव म्हनला.

"तारीनं होत नाई जी."

"हळू चालवली तं चालन का नाई? एवढंच सांग."

मुखरूनं बाहेर येऊन हात पुसले. वर पाहलं नाई त्यानं. "हळू... चालन."

"मी नाई चालवत," लालसू म्हनला.

"नोको चालवू! प्रणित चालवते." प्रणित म्हनजे मालकाचा पुतन्या, ज्याले अजून ट्रॅक्टर धड मांगं घेता येत नाई. गुणवंतरावनं आमाले साऱ्यायले डाल्यात उजव्या बाजूनं रेटलं. मंग बुधरीचा दंड धरला आन तिले एकटीले डाव्या कोपऱ्यात बसवलं, नहराच्या बाजूनं. वळून लालसूले म्हने, "सांग आता. प्रणित चालवन का तू?"

माह्या अंगाची आग आग झाली. मी वरडली, "लाज धरा जी! मानसं हायेत!"

"उतर मंग, बाई. गावात टोळ्यायची कमी नाई."

मी उतराच्या आंधीच लालसू जाऊन स्टेअरिंगवर बसला.

नहर भरून चालून राह्यला होता. मांगच्या काचातून मले लालसूचे हात दिसत. स्टेअरिंग उजवीकडं दाबून धरलेलं, मनगटाच्या शिरा दोरीवानी फुगलेल्या. मोटारसायकलवाले शिव्या देऊन पुढं जात, एक बैलबंडीसुद्धा पुढं गेली. बुधरी डाल्याचा फाळका धरून, डोळे मिटून बसली होती. बांधीवर उतरलो. दिसभर रोवलं आन तसंच जीव मुठीत धरून परत आलो.

संध्याकाळी कोठ्यात बुधरी लालसूच्या हाताले हळद लावून राह्यली होती. दोन्ही तळहात सोलून निघाले होते. गुणवंतराव तिथी उभा राहूनच मुखरूसंग फोनवर बोलला, "सामान बोलावू नोको. हातच्या कंकनाले आरसा कायले? गेली आन आली, कोनाले खरचटलं नाई. ह्यालेच काम करायचं नव्हतं."

"मालक," लालसू म्हनला, "मी धरून ठेवली म्हनून आली."

"हाव ना! मी तेच म्हनतो." मंग तो माह्याकडं वळला. "इंदुबाई, उद्या पलीकडच्या गावच्या बायाबी घ्या. दाटून उभ्या राहा, कायी होत नाई. पन डावा कोपरा बुधरीचा. थे तिथी बसली का गाडी एकदम सरळ चालते."