माझी लाल चप्पल

तिला आम्ही 'करू-का' म्हणायचो. चहा करू का, खिडकी उघडू का, झोपू का! संस्थेतून बाहेर पडून आम्ही दोघींनी खोली घेतली, तरी हिचं चालूच. मी तशी तापट. एकदा ओरडले, "बये, शिंकायलाही परवानगी लागते का तुला?" तर म्हणते, "चुकलं का माझं?" आता बोला!

तिचा दोष नव्हता म्हणा. आम्हाला विकलं तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. सोडवून आणल्यावर संस्थेतल्या ताईंनी जीव लावला, पण तिथेही दारापासून दिव्यापर्यंत सगळं विचारून. माझी सवय सुटली, हिच्या अंगात मुरली.

शिवणाच्या दुकानात ती नवीन होती. शिवण अशी की बघत राहावं, पण कापडाला कात्री लावायची म्हटली की मालकीणबाईंच्या तोंडाकडे बघायची. शेवटी त्या वैतागल्या. "उद्या दिवसभर मी नाही. गिऱ्हाईक कोटाचं कापड घेऊन येईल. तुझं तू बेत आणि काप. मला फोन केलास तर परवापासून येऊ नकोस."

नोकरी गेली असती तर खोली सुटली असती आणि ती परत संस्थेत. मला तिच्याशिवाय करमलं नसतं. हे तिला मी कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसली असती.

सकाळी आंघोळ करून येते तर ती गेलेली, आणि माझी नवी लाल चप्पलही गायब! मी शेजारणीवर संशय घेतला, चोराला शिव्या घातल्या आणि जुनी चप्पल फटफटवत बेकरीत कामाला गेले. दिवसभर जीव टांगणीला. पावाचा एक ट्रे करपवला.

संध्याकाळी ती आली. पायात माझी चप्पल.

"कापड कमी होतं," दारातच सुरू झाली. "गिऱ्हाईक बाईंना मोठी कॉलर हवी होती. मी म्हटलं, बसणार नाही, लहान करते. आणि कापलं! त्या जरा कुरकुरल्या. मालकीणबाईंनी आल्यावर बघितलं, म्हणाल्या, उद्या लवकर ये."

"आणि माझी चप्पल?"

"माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तू आंघोळीला होतीस."

"मग दार वाजवून विचारायचं!"

"उशीर झाला असता."

मला रडूच आलं. इतका आनंद मला चप्पल घेतानाही झाला नव्हता.

"पुन्हा हात लावलास तर तंगडी मोडीन," मी नाक पुसत म्हटलं. "उद्यापासून विचारून घालायची."

तिने चप्पल काढली, आणि नीट स्वतःच्या बाजूला ठेवली.

"बघू," ती म्हणाली.