कामातून गेलेला माणूस

डोंगराखालच्या कारखान्यावर बॉम्ब पडले आणि टीव्हीवर लगेच विजयाचा जल्लोष सुरू झाला. हेरखात्यातल्या साहेबांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. फोटोंत डोंगराला पडलेली भोकं दिसत होती, आत काय उरलंय ते दिसत नव्हतं. वरून एकच विचारणा होत होती, मोहीम फत्ते झाली की नाही?

साहेबांचं म्हणणं, यंत्रं काय, पुन्हा आणता येतात. ती चालवणारं डोकं एकच, तिथल्या मुख्य इंजिनिअरचं. तो त्या पाळीला आत होता का, एवढं कळलं की झालं.

म्हणून त्यांनी दुभाषीबाईंना बोलावलं. बाईंची आई पलीकडची, शत्रूच्याच देशातली, त्यामुळे ती भाषा त्यांच्या अंगात मुरलेली. कुणाला शंकाही आली नसती. इंजिनिअरच्या घरी फोन लावायचा, इस्पितळातून बोलतेय, जखमींची ओळख पटवायची आहे, असं सांगायचं. बाईंनी जरा कां कू केलं. साहेब म्हणाले, नुसतं विचारायचं तर आहे.

फोन बायकोने उचलला. आधी ती घाबरली, मग हसायलाच लागली. नवरा तापाने फणफणला होता, म्हणून कामावर गेलाच नव्हता. देवानेच वाचवलं, म्हणाली. तुम्ही लोक किती राबताय, जेवलात का ताई, असंही तिने विचारलं. बाईंनी फोन ठेवला आणि ऐकलं ते जसंच्या तसं साहेबांना सांगितलं.

संध्याकाळी त्या घरावर क्षेपणास्त्र पडलं.

बाईंना ते दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या जिन्यात कळलं, कुणीतरी सहज बोलून गेलं. त्यांनी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि त्या जागेवर येऊन बसल्या. साहेब वाटच बघत होते. घर पडलं, पण माणूस? घरचा फोन लागत नव्हता. मग बायकोच्या भावाचं दुकान शोधून काढलं. या वेळी बाई तिची मैत्रीण झाल्या. कालच बोललो होतो आम्ही, म्हणाल्या. भाऊ रडत होता. बहीण गेली, दोन्ही भाच्या गेल्या. भावजी औषध आणायला बाहेर पडले होते, तेवढे वाचले.

साहेबांनी कपाळाला हात लावला.

थोड्या वेळाने दुकानातूनच उलटा फोन आला. साहेबांनी हेडफोन चढवले आणि बाईंना उचला म्हणून खुणावलं. स्वतः इंजिनिअर होता.

“तुमचं तिच्याशी बोलणं झालं म्हणे. तेव्हा मी झोपलो होतो. काय म्हणाली ती?”

“हसत होती,” बाई म्हणाल्या.

“कशाला?”

“तुम्ही वाचलात म्हणून.”

पलीकडून जनावर हंबरावं तसा आवाज आला. साहेबांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला.

“हा आता कामातून गेला,” हेडफोन काढत ते म्हणाले. “मोहीम यशस्वी.”

बाईंनी त्याच दिवशी बदली मागितली. साहेब रागावले नाहीत. आता त्याच्या हाताखालचा माणूस कारभार बघणार, त्याला ते झेपेल का एवढं कळायला हवं, असं त्यांनी समजुतीने सांगितलं. त्या माणसाची म्हातारी आई दिवसभर घरी एकटी असते, फोनवर भरभरून बोलते.

बाईंनी नंबर घेतला आणि फोन पुढ्यात ओढला.